उपचार संपलेल्या पेशंटला पथ्यपाणी कसं सांगावं

कर्करोगाचं किमो-रेडिएशन उरकून आलेली माणसं माझ्यासमोर बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मॅडम, आता काय खायचं नाही?’ काय खायचं, असं विचारणारे फार थोडे. मी सांगलीकडे आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. या प्रश्नाच्या पोटात ‘माझं काय चुकलं?’ ही टोचणी असते, हे माझ्यासारखं काम करणाऱ्या नर्स, आशाताई आणि घरच्यांनी ओळखायला हवं. म्हणून आधी तेवढं बोलून टाका: ‘मावशी, तुमच्या खाण्यामुळेच हे झालं, असं कुणालाच सांगता येणार नाही. आता अंगात ताकद कशी येईल ते बघू.’ खांदे सैल पडलेले दिसतात. पुढचं बोलणं त्यानंतर कानात शिरतं.

मग कालचा दिवस विचारा. उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाल्लं, कुणी रांधलं, किती चाललात. जबड्याचं ऑपरेशन आणि रेडिएशन झालेल्या काकांचं तोंड नीट उघडत नाही, लाळ सुटत नाही. त्यांना ‘सॅलड, मोड आलेली कडधान्यं भरपूर खा’ सांगून काय उपयोग? त्यांच्यासोबत आलेल्या सुनेशी बोला. भाकरी पातळ वरणात कुस्करून मऊ करायची, मुगाचं कढण, मऊ शिजवलेलं अंडं, आणि आमटीत तिखट पडायच्या आधी त्यांची वाटी बाजूला काढायची. तोंड उघडण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने दाखवलेत का, तेही विचारा.

तंबाखू आणि मिशरीबद्दल मात्र आडवळण नको. ‘अजून लावता का?’ असं सरळ विचारायचं, पण चारचौघांत नाही. लावत असतील तर रागावू नका. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत मदत क्रमांक आहे, १८००-११-२३५६. तो तिथेच बसून लावून द्या. दारूचंही तसंच विचारा.

स्तनाच्या ऑपरेशननंतर अनेकींना घरातून ताकीद मिळते, ‘त्या हाताने काही उचलायचं नाही.’ बाई घाबरून हात पोटाशी धरून बसते, खांदा आखडतो. हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने हाताची सूज बळावत नाही, हे २००९ च्या अभ्यासात दिसलं आहे. सर्जनची परवानगी घ्या आणि मोघम न बोलता करून दाखवा: अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, कोपरातून हात वर, सावकाश खाली. सूज किंवा जडपणा वाटला तर थांबून कळवायचं, हेही त्याच दमात सांगा.

चालण्याबद्दल आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचा आकडा सांगितला जातो. थकलेल्या माणसाला तो डोंगर वाटतो. ‘देवळापर्यंत जाऊन या, दमलात तर पायरीवर बसा’ एवढ्यावर सुरुवात करा.

गुळवेल, गव्हांकुर, गोमूत्र यांचे सल्ले शेजारीपाजारी देतच असतात. हसलात तर पेशंट पुढच्या वेळी लपवेल. ‘काय घेताय ते सगळं पिशवीत घालून आणा’ म्हणा आणि ते डॉक्टरांना दाखवा. गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी २०२१ मध्ये मुंबईतूनच आल्या होत्या. साखरेचंही भय असंच. चहातल्या चमचाभर साखरेने गाठ परत येते, असा काही पुरावा नाही. वजन उतरलेल्या माणसाचा चहा तोडू नका.

आणि नुसता छापील कागद हातात ठेवून मोकळे होऊ नका. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरचा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. किमो संपल्यावर ज्यांना तीन वर्षं व्यायामासाठी मार्गदर्शक आणि पाठपुरावा मिळाला, त्यांच्यात पाच वर्षं आजार न उलटता जगणारे सुमारे ८० टक्के होते. ज्यांना फक्त माहितीपुस्तिका मिळाली, त्यांच्यात सुमारे ७४. म्हणून एका भेटीत एकच गोष्ट ठरवा, फाइलवर त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि पंधरा दिवसांनी स्वतः फोन करा. जमलं नसेल तर ‘का नाही केलं?’ विचारू नका. ‘कुठे अडलं?’ विचारा आणि ठरवलेली गोष्ट निम्मी करून द्या.