कॅलिफोर्नियात डिव्होर्स फाइल करायच्या आधी काय काय गोळा करून ठेवायचं

सगळ्यात आधी एक तारीख आठवून लिहून ठेवा. आता हे लग्न संपलं असं दोघांपैकी एकाने स्पष्ट बोलून दाखवलं आणि नंतरचं वागणंही तसंच राहिलं, ती तारीख. लग्नापासून तिथपर्यंत जे कमावलं ते निम्मं निम्मं, पुढचा पगार ज्याचा त्याचा, म्हणून सगळं गणित तिच्यावर अडतं. एक हॉलमध्ये झोपतोय, एक बेडरूममध्ये, घर एकच आहे, तरी वेगळे झालात असं धरता येतं, 2017 पासून कायद्यातच तसं आलंय. त्या दिवसांतले मेसेज आणि ईमेल रागाच्या भरात डिलीट करू नका.

दोघांपैकी एकजण तरी राज्यात 6 महिने आणि काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात) 3 महिने राहिलेला लागतो, त्यासाठी लीज, वीजबिल काढा. नुकतेच दुसऱ्या स्टेटमधून आला असाल तर आधी लीगल सेपरेशन (लग्न न मोडता कोर्टातून वेगळं होणं) टाकता येतं. कारण द्यावं लागत नाही, 1970 पासून 'पटत नाही' एवढं पुरतं, त्यामुळे नवऱ्याच्या चुकांची वही घरीच राहू द्या (मी नेली होती, दोनशे पानी, वकीलबाईंनी उघडलीसुद्धा नाही). मारहाण झाली असेल तर मात्र गोष्ट वेगळी, मुलांच्या कस्टडीत आणि पोटगीत दोन्हीकडे ती धरली जाते, फोटो आणि पोलीस रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

खरा वेळ खातात ते पैशांचे कागद. फाइल केल्यापासून 60 दिवसांत आपली सगळी मालमत्ता आणि कर्जं समोरच्याला लिहून द्यायची असतात, सोबत मागच्या 2 वर्षांचे टॅक्स रिटर्न आणि 2 महिन्यांच्या पेस्लिप. फोर-ओ-वन-केचं (नोकरीतल्या रिटायरमेंट खात्याचं) स्टेटमेंट लग्नाच्या महिन्याचं आणि वेगळे झालात त्या महिन्याचं, दोन्ही काढा, वाटणी मधल्या वाढीची होते आणि त्याची ऑर्डर वेगळी काढावी लागते. कंपनीचे शेअर आधी दिलेले पण अजून हातात न आलेले असतील तरी त्यात जोडीदाराचा वाटा असू शकतो, ग्रँटची पत्रं शोधा. आणि पुण्यातला फ्लॅट, एनआरई (परदेशातल्या भारतीयांच्या खात्यातली) एफडी, एलआयसी हे 'इंडियातलं आहे' म्हणून सोडू नका, इथल्या पगारातून घेतलं असेल तर तेही वाटणीत येतं. माहेरून मिळालेलं सोनं, वडिलोपार्जित जमीन हे ज्याचं त्याचं, पण वडिलांनी दिलेले पैसे जॉइंट अकाउंटात टाकले असतील तर कुठून आले हे दाखवणारं स्टेटमेंट लागेल, नाहीतर सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

पोटगीत 10 वर्षं हा आकडा लक्षात ठेवा. लग्न त्याहून कमी टिकलं तर साधारण निम्म्या काळापुरती धरतात, जास्त असेल तर कोर्ट सहसा शेवटची तारीख घालत नाही. मुलांची वेगळी, ती दोघांचं उत्पन्न आणि मूल कोणाकडे किती वेळ राहतं यावरून ठरते, 18 पर्यंत, शाळा चालू असेल तर 19.

कस्टडीवर वाद असेल तर आधी मीडिएशन होतं, म्हणून डेकेअरला कोण सोडतं, डॉक्टरकडे कोण नेतं याची महिनाभराची नोंद करून ठेवा. दुसरं म्हणजे "मी बाळाला घेऊन सरळ माहेरी जाते" हे डोक्यातून काढा. फाइल झालं की फाइल करणाऱ्याला आणि समन्स हातात पडलं की समोरच्यालाही मनाई लागू होते, लेखी संमती किंवा कोर्टाची परवानगी नसेल तर मुलाला राज्याबाहेर नेता येत नाही, त्याचा नवा पासपोर्टही काढता येत नाही, इन्शुरन्समधून कोणाचं नाव उडवता येत नाही.

एच-फोरवर (जोडीदाराच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असाल तर डिव्होर्स फायनल होताच स्टेटस जातं. समन्स बजावल्यापासून निदान 6 महिने तरी फायनल होत नाही, त्या वेळात इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठा.

हिंदू कायद्याने लग्न झालं असेल तर एकट्याने मिळवलेला 'पटत नाही'वाला इथला डिव्होर्स भारतात चालेलच असं नाही, सुप्रीम कोर्टाने 1991 मध्येच ते सांगितलंय. दोघांनी कोर्टात भाग घेऊन संमतीने सही केलेली बरी. सर्टिफाइड कॉपी दोन घ्या, एकीवर सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून घ्या.