विमानवेधी तोफांच्या ठाण्याची वारसास्थळ म्हणून नोंद कशी करावी

सिंहगड-राजगडावर बुरूज, दारूकोठार आणि चोरदरवाजा यांचा परस्परसंबंध लावण्याची सवय पुण्याच्या दुर्गप्रेमींना असतेच, आणि दुसऱ्या महायुद्धातील विमानवेधी ठाणे नोंदवताना तीच सवय उपयोगी पडते. तोफगोळा वर पोहोचेपर्यंत विमान पुढे गेलेले असे, त्यामुळे ते पुढे कुठे असेल याचा हिशेब नियंत्रण कक्षात मांडून तोफांना नेम कळवला जाई. म्हणूनच जड तोफांचे, बहुधा चार, खळगे या कक्षाभोवती मांडलेले आढळतात. खळग्याच्या भिंतीत गोळे ठेवण्याचे कोनाडे आणि तळाच्या मध्यभागी तोफ जखडणाऱ्या बोल्टांचे कडे दिसले, की ओळख बरीचशी पक्की होते.

इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातील ईस्ट टिलबरीजवळ बोवॉटर्स फार्म येथे ४.५ इंची तोफांचे चार अष्टकोनी खळगे, ५.२५ इंची तोफांचे चार खोल गोल खळगे, कोठारे, नियंत्रणाची इमारत आणि या सर्वांना जोडणारा काँक्रीटचा रस्ता शिल्लक आहे. १९७९ च्या कायद्यानुसार हे ठाणे संरक्षित स्मारक आहे. मला यातला रस्ता फार मोलाचा वाटतो, कारण गोळे कोठारातून तोफेपर्यंत कसे पोहोचत हे तोच सांगतो.

मोजमाप घेण्यापूर्वी जमीन कोणाची आहे ते पाहावे. ती संरक्षण खात्याची असेल, तर लेखी परवानगीशिवाय आत जाऊ नये, छायाचित्रही घेऊ नये. परवानगी मिळाल्यावर सर्व अवशेषांची अंतरे व दिशा दाखवणारा एकच नकाशा काढावा. भिंतीवरचे रंगवलेले आकडे घासू नयेत, आणि भेगेतला पिंपळ उपटू नये, कारण मुळांबरोबर काँक्रीटही निघून येते.

आपल्याकडे १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारकासाठी किमान १०० वर्षांची अट असल्याने १९३९ ते १९४५ मधली बांधकामे त्यात अद्याप बसत नाहीत. त्यामुळे पुणे महापालिकेच्या हद्दीत असे अवशेष आढळल्यास श्रेणीनिहाय वारसा यादीत समावेशासाठी महापालिकेकडे अर्ज करावा. कटकमंडळाची (कँटोन्मेंट बोर्डाची) हद्द वेगळी, तिथे त्या मंडळाकडे जावे. अर्जात नुसते ‘जुना बंकर’ असे न लिहिता खळगे, कोठार, कक्ष आणि रस्ता यांची नावानिशी नोंद करून संपूर्ण आवाराचे संरक्षण मागावे.