गार्नेटच्या एका दाण्यात लेझर मारताना: आकड्याआधी सिग्नल वाचा

लेझरने दाण्यात बारीक खड्डा पाडायचा, उडालेली धूळ हेलियमच्या झोतात आर्गॉन प्लाझ्मापर्यंत न्यायची आणि तिथे तयार झालेले आयन मास स्पेक्ट्रोमीटरने (वस्तुमानानुसार आयन वेगळे करणारं यंत्र) मोजून दाण्यात कोणतं मूलद्रव्य किती आहे ते काढायचं, एवढीच ही पद्धत. १९८५ मध्ये अ‍ॅलन ग्रे यांनी रुबी लेझर वापरून ती करून दाखवली. मी आज १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर वापरते आणि माझं बहुतेक काम गार्नेट या खनिजावर चालतं, म्हणून उदाहरणही त्याचंच घेते.

सुरुवात सेक्शनच्या जाडीपासून. नेहमीची थिन सेक्शन, म्हणजे काचेवर चिकटवलेली खडकाची पातळ चकती, ३० मायक्रॉनची असते. एका शॉटला साधारण ०.१ मायक्रॉन खोदलं जातं. सेकंदाला १० शॉट धरले, तर अर्ध्या मिनिटात दाणा संपतो आणि लेझर खालच्या काचेत उतरतो. गार्नेटमध्ये नसलेला सोडियम एकदम वर चढला की समजावं, काच लागली. म्हणून सेक्शन ८० ते १०० मायक्रॉन जाडीची करून घ्या. पॉलिशसाठी शिशाची प्लेट वापरली असेल, तर भेगांमध्ये शिसं अडकून राहतं. तिथले शिशाचे आकडे धरू नका.

खड्ड्याचा व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येतं आणि सिग्नलही तितकाच पडतो. झोनिंग (दाण्यात आतून बाहेर रचना बदलत गेलेले पट्टे) अरुंद नसेल तर उगाच १५ मायक्रॉनचा हट्ट धरू नका, ४० घ्या. खड्डा रुंदीपेक्षा खोल जाऊ लागला की काही मूलद्रव्यं बाकीच्यांच्या आधी बाहेर पडतात आणि गुणोत्तरं सरकतात, त्याआधी थांबा.

समस्थानिक निवडताना आर्गॉन आडवा येतो. कॅल्शियम ४० वर आर्गॉन ४० बसलेला असतो, म्हणून ४३ किंवा ४४ घ्यायचा. लोखंड ५६ वर आर्गॉन ऑक्साइड येतो, म्हणून ५७. यादी मात्र आवरती ठेवा. मूलद्रव्यं वाढवली की सगळी एकदा मोजण्याच्या एकेका फेरीला वेळ लागतो, आणि एखादा पातळ थर दोन फेऱ्यांच्या मधे निसटून जातो.

क्रम असा लावते: आधी एनआयएसटी ६१० या प्रमाणं आधीच माहीत असलेल्या संदर्भ काचेवर दोन खड्डे, मग दहा-बारा नमुने, पुन्हा काच, आणि शेवटी काचच. या काचेत बरीचशी सूक्ष्म मूलद्रव्यं ४०० ते ५०० पीपीएमच्या (दशलक्षात इतके भाग) घरात आहेत. मधे बीसीआर-२जी ही बेसाल्टची काच अनोळखी नमुना म्हणून घालते. अंतर्गत स्टँडर्ड (ज्याच्या माहीत असलेल्या प्रमाणाशी बाकीची मूलद्रव्यं ताडायची ते) म्हणून गार्नेटला सिलिकॉन २९ बरा. त्या दाण्यातलं सिलिका मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनांच्या झोताने रचना मोजणारं यंत्र) आधी मोजून घ्या. ते मूल्य पाच टक्क्यांनी चुकलं, तर तक्त्यातला प्रत्येक आकडा पाच टक्क्यांनी चुकतो.

प्रत्येक खड्ड्याआधी २० ते ३० सेकंद लेझर बंद ठेवून नुसता वायूचा ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायचा सिग्नल, घ्या, मग ३० ते ४० सेकंद लेझर. त्याआधी मोठ्या स्पॉटने दोन-तीन शॉट मारून पृष्ठभाग साफ केलेला असावा.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा. प्रत्येक खड्ड्याचा सिग्नल वेळेनुसार पडद्यावर उघडा आणि डोळ्यांनी बघा. स्वच्छ गार्नेटमध्ये सिलिकॉन, इट्रियम, इटर्बियम जवळजवळ सपाट धावतात आणि लॅन्थॅनम ब्लँकच्याच पातळीला पडून असतो. समजा, अठराव्या सेकंदाला लॅन्थॅनम, सिरियम आणि थोरियम एकदम शंभरपट उसळले, सोबत फॉस्फरसही आला आणि चार सेकंदांत सगळे खाली बसले. तो खाली दडलेला मोनाझाइट या फॉस्फेट खनिजाचा कण आहे. थोरियमची उसळी नाममात्र आणि कॅल्शियमही वर गेलेला असेल, तर बहुधा अ‍ॅपटाइट हे दुसरं फॉस्फेट खनिज. हा तुकडा आत ठेवून सरासरी काढली, तर गार्नेटमध्ये नसलेला लॅन्थॅनम तक्त्यात दिसेल आणि पुढच्या वाचकाला तो खराच वाटेल. म्हणून गणनेची खिडकी (सरासरीसाठी घेतलेला सिग्नलचा तुकडा) उसळीच्या आधीच बंद करा. उरलेला सपाट भाग दहा सेकंदांहूनही कमी असेल, तर तो खड्डा सोडून शेजारी नवा घ्या. सॉफ्टवेअर खिडकी आपोआप लावून देतं, तरी मी ती स्वतःच्या हाताने तपासल्याशिवाय पुढे जात नाही.

नमुन्यांचे आकडे उघडण्याआधी बीसीआर-२जीचे बघा. तेच प्रकाशित मूल्यांपासून दूर असतील, तर आधी ड्रिफ्ट (यंत्राची संवेदनशीलता हळूहळू सरकणं) आणि स्टँडर्डच्या खिडक्या तपासायला बसा.