डाळमिलमध्ये दिव्यांग मुलं काम शिकायला येतात तेव्हा

जळगावच्या एमआयडीसीत एका डाळमिलचं पॅकिंग मी बघते. मुलगा आला की पहिल्यांदा त्याच्याशीच बोला, सोबतच्या वडिलांशी नाही. ‘कुठे अडतं रे तुझं?’ एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं.

ऐकू न येणाऱ्याच्या खांद्यावर मागून हात ठेवू नका, दचकतो. चालत्या मशीनजवळ तर मुळीच नको. समोर येऊन हात हलवा.

समजायला वेळ लागणाऱ्या मुलीला एका वेळी एकच काम द्या. आकडे वाचायला न लावता साधा तराजू द्या: एका पारड्यात 1 किलोचं वजन, दुसऱ्यात तूरडाळीची पिशवी. काटा मधोमध आला की थांबायचं. घरी अहिराणी बोलत असेल तर ‘आठे ठेव’ (इथे ठेव) म्हणा, चटकन कळतं.

व्हीलचेअरसाठी नुसती फळी टाकू नका. 1 फूट उंचीला 12 फूट लांब उतार लागतो. मणक्याला इजा झालेल्यांना घाम कमी येतो, म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात त्यांची जागा कूलरसमोरच हवी, हे मी हट्टाने सांगते.

काम शिकून झाल्यावर द्यायच्या दाखल्यावर ‘स्वभाव चांगला’ लिहून भागवू नका. वजन, सीलिंग, लेबल, जे जमलं ते नेमकं लिहा.