रिसेप्शनचा डीजे: गाण्यांआधी माईक बघा, या चुका टाळा

नवीन पोरं विचारतात, दादा रिसेप्शनला प्लेलिस्ट कशी ठेवू, आणि मी दरवेळी आधी हेच विचारतो की माईकमधे नवीन सेल घातलेस का. कारण रिसेप्शन म्हणजे डान्स फ्लोअर नाही. तीन तास स्टेजसमोर लाईन असते, आहेर, फोटो, मग जेवण, आणि बाकीचा हॉल भरलेला असतो अशा नातेवाईकांनी जे वर्षा-दोन वर्षांनी भेटतायत आणि ज्यांना बोलायचंय. ही लाईन हलती ठेवायची आणि बोलणाऱ्यांना बोलू द्यायचं हे डीजेचं पहिलं काम, गाणी त्यानंतर.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे आवाज. दादरच्या एका हॉलमधे मी नवीन असताना टॉप, म्हणजे मुख्य स्पीकर, थेट खाली स्टेजच्या कडेला ठेवले होते, तोंड पहिल्या रांगेकडे. मी लॅपटॉपमधे डोकं घालून पुढचं गाणं शोधतोय आणि समोर एक आजी पदराने कान झाकून बसलेल्या. मुलाचे काका आले, म्हणाले "बाळा, जरा हळू कर रे, आईला त्रास होतोय", मी फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली घेईपर्यंत आजी उठून मागे हात धुवायच्या बेसिनपाशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. नातवाचं रिसेप्शन आणि त्यांना स्टेज दिसत नव्हतं. ते मला अजून टोचतं.

तेव्हापासून टॉप स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर जातील इतके चढवतो, आणि दर अर्ध्या तासाने स्वतः दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहतो. शेजारच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर आवाज जास्त आहे, मीटर काय दाखवतो ते राहू दे. अजून एक, हॉल भरला की लोक मोठ्याने बोलायला लागतात, मग आपण आवाज वाढवतो, मग ते अजून ओरडून बोलतात, हे चक्र डीजेनेच तोडायचं असतं. आणि साउंड चेक रिकाम्या हॉलमधे केलेला असतो, माणसं भरली की कपडे-माणसं ट्रेबल, म्हणजे बारीक-चिरका आवाज, खातात आणि सगळं दबल्यासारखं वाटतं, तिथे मास्टर, म्हणजे एकूण आवाज, वाढवायचा नाही, फक्त ट्रेबल किंचित वर घ्यायचा.

आता माईक. उखाण्याच्या वेळी शिट्टी वाजली नाही असं रिसेप्शन विरळाच. होतं असं की नवरी लाजून माईक पोटाजवळ धरते, हळू बोलते, मागून सगळे ओरडतात "ऐकू येत नाय", डीजे घाईत गेन, म्हणजे माईकचा आवाज उचलायचा जोर, वाढवतो आणि कुंईईई. स्पीकरचा आवाज माईकमधे जातो, तो परत स्पीकरमधून येतो, तेच गोल गोल फिरत राहतं. गेन वाढवू नका. गाणं पूर्ण बंद करा, जवळ जाऊन सांगा "ताई, माईक हनुवटीपाशी धरा", आणि दोघांना स्पीकरच्या मागच्या लाईनमधे उभं करा. माईकची जाळी मुठीत धरली तरी शिट्टी येते, मामा लोक हमखास अशीच धरतात, त्यांना खालची दांडी धरायला सांगा. मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र करायच्या पेटीवर, माईकच्या चॅनलचा लो-कट (जाड, खालचा आवाज कापणारा स्विच) ऑन ठेवला की घुमणं बरंच कमी होतं. कॉर्डलेसचा रिसीव्हर टेबलाखाली किंवा एलईडी वॉलच्या मागे टाकू नका, वर ठेवा, अँटेनाला स्टेज दिसला पाहिजे. आणि एक वायरचा माईक जोडून तयार ठेवाच.

स्पीकरमधून बारीक घूंऽऽ येतंय? लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेलं तर प्रॉब्लेम अर्थिंगचा आहे, लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डवर घ्या, तरी राहिलं तर मधे डीआय बॉक्स, म्हणजे ही घूं अडवणारी छोटी डबी, टाका. काही जण प्लगची अर्थची पिन तोडून टाकतात, हे अजिबात करू नका, शॉक बसू शकतो, आणि माईक हातात असतो नवऱ्या मुलाच्या.

लाईट गेली की जनरेटर येईपर्यंत लॅपटॉप चालतो पण मिक्सर मरतो, म्हणून छोटा यूपीएस सोबत ठेवा, आणि लाईट यायच्या आधी अ‍ॅम्पचा (स्पीकरना ताकद देणाऱ्या मशीनचा) आवाज खाली करा नाहीतर धाडकन आवाज येतो. पेन ड्राईव्ह एफएटी३२ मधे फॉरमॅट करा, एनटीएफएस हा दुसरा फॉरमॅट बऱ्याच प्लेअरवर उघडत नाही. बेसमेंटच्या हॉलमधे नेट नसतं, गाणी डाउनलोड केलेलीच हवीत.

एन्ट्रीचा घोळ वेगळाच. पार्लरमुळे जोडपं उशिरा येणार हे धरूनच चला. दारातून कुणीतरी हात केला म्हणून गाणं सोडाल तर तिकडे अजून शालूच्या निऱ्या नीट करणं चालू असतं आणि तीन मिनिटांचं गाणं रिकाम्या वाटेवर संपतं. दाराशी आपला एक माणूस फोनवर ठेवा, फोटोग्राफर तयार म्हणाला की मगच सोडा. फर्माईशी दहा जण आणतात, घरातला एकच माणूस फायनल ठरवून घ्या. आणि गाण्याचे शब्द ऐका हो, चाल गोड आहे म्हणून विरहाची गाणी जोडपं स्टेजवर असताना वाजतात, फार वाईट वाटतं.

गच्चीवर किंवा मैदानात असाल तर रात्री १० म्हणजे १०. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि दिवसाही लेखी परवानगी लागते. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या १०० मीटरच्या आतली जागा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेली असू शकते, परळसारख्या हॉस्पिटलांच्या भागात बुकिंग घेण्याआधीच हे बघा. मी सव्वानऊलाच अनाउन्स करतो की मामाकडची मंडळी, आत्याकडची मंडळी फॅमिली फोटोला या, कारण विरार-कल्याणला जाणारे तेव्हा घड्याळ बघायला लागलेले असतात. पावणेदहाला शेवटचं गाणं.

पॅकिंग सुरू केलं तरी हॉलच्या आत एक माईक आणि एक टॉप हळू आवाजात चालू ठेवा. गेटवर कुणाचीतरी गाडी आडवी लागलेली असतेच, आणि नंबर लिहिलेला कागद घेऊन वॉचमन शेवटी तुमच्याकडेच येतो.