परदेशात कंपनी उघडताय? आधी कुठला कागद कशावर अडलाय ते बघा

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपण हसत हसत म्हणतो, पण दुसऱ्या देशात कंपनी उघडायला गेलात की ते सहा महिने पगारपत्रकावर दिसायला लागतात. माणसं घेऊन झालेली, ऑफिसचं भाडं चालू, आणि परवाना अजून कुठल्यातरी टेबलावर. मी बरीच वर्षं अशा कंपन्यांची कागदपत्रं जुळवायचं काम केलंय आणि खरं सांगतो, कडक नियमामुळे घोडं अडलंय असं क्वचितच बघितलं, बहुतेक वेळा कागद चुकीच्या क्रमानं केलेले असतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे एक मोठा कोरा कागद घ्या आणि कुठला दाखला कशावर अडलाय ते बाण काढून मांडा. बँक म्हणते नोंदणीचं सर्टिफिकेट आणा मग खातं उघडतो, नोंदणीवाले म्हणतात भांडवल बँकेत भरल्याचा दाखला आणा मग नोंदणी करतो, नोंदणीला पत्ता लागतो, पत्त्याला भाडेकरार लागतो, आणि करारावर सही करायला कंपनीच अजून जन्माला आलेली नाही! अशा गाठीला बहुतेक देशांत कुठंतरी एक पळवाट ठेवलेली असते, कायदेशीरच, म्हणजे बँक फक्त भांडवलापुरतं तात्पुरतं खातं उघडते किंवा करार आधी डायरेक्टरच्या नावानं करून नंतर कंपनीच्या नावावर करता येतो. ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि प्रत्येक कागदापुढे तो किती दिवस चालतो ते लिहा. मूळ कंपनीचा नोंदणी दाखला बऱ्याच ठिकाणी तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, त्यामुळे हौसेनं सगळं आधी काढून ठेवलं की दुसरा कागद येईपर्यंत पहिला शिळा होतो.

आपल्या देशातले कागद तिकडे चालवायचे तर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा आहे असं आपल्या सरकारनं त्यावर लावलेलं प्रमाणपत्र. १९६१ च्या हेग कराराप्रमाणे एकाच प्रमाणपत्रावर काम होतं, वकिलातीत हेलपाटे घालावे लागत नाहीत. चीन यात नोव्हेंबर २०२३ पासून आला, कॅनडा जानेवारी २०२४ पासून, म्हणजे जुना सल्ला देणारा माणूस तुम्हाला अजूनही वकिलातीत पाठवू शकतो, करारात तो देश आज आहे का आणि आपल्या देशाबरोबर तो करार लागू आहे का ते स्वतः बघा. भाषांतर अपोस्टिलच्या आधी करायचं का नंतर, आणि भाषांतरकार त्यांच्याच देशातला शपथबद्ध लागतो का, हे ज्या ऑफिसात कागद द्यायचाय तिथूनच विचारून घ्या.

नावांचं तर काय सांगू. एका कामात पासपोर्टवर डायरेक्टरचं मधलं नाव पूर्ण होतं आणि बोर्डाच्या ठरावात नुसतं आद्याक्षर. खिडकीमागच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पेनाचं टोक त्या एका अक्षरावर टेकवलं आणि गठ्ठा परत सरकवला, एक शब्दही नाही. नवा ठराव, नवी नोटरी, नवं अपोस्टिल, नवं भाषांतर, सात आठवडे गेले. तेव्हापासून मी आधी पासपोर्ट उघडतो आणि त्यातलं नाव अक्षर न् अक्षर तसंच सगळीकडे टाकतो.

टेबलापलीकडच्या माणसावर चिडून उपयोग नाही. त्यानं "नाही" म्हटलं तर त्याला कोणी विचारत नाही, "हो" म्हटलं आणि उद्या काही निघालं तर मान त्याची. त्यामुळे त्याला "हो" म्हणायला आधार द्या, नियमाचा नंबर अर्जातच लिहा, आधी असं मंजूर झालेलं प्रकरण असेल तर त्याची प्रत जोडा. त्रुटी काढल्या तर शांतपणे म्हणा की जे काय कमी आहे ते सगळं एकदाच लेखी द्या. आणि आवक नंबराची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, कारण साहेबांची बदली होते, नवे साहेब येतात, आणि तोंडी ठरलेलं सगळं जुन्या साहेबांबरोबर गेलेलं असतं.

आता सही आणि शिक्का. चीनमध्ये कंपनीचा नोंदवलेला शिक्का ज्याच्या हातात, कंपनी व्यवहारात त्याच्याच हातात. आर्म या चिप डिझाइन करणाऱ्या कंपनीच्या तिथल्या संयुक्त कंपनीत बोर्डानं २०२० मध्ये प्रमुखाला काढायचं ठरवलं, पण शिक्का त्याच्याकडे होता आणि प्रकरण मिटायला २०२२ उजाडलं. इतक्या मोठ्या कंपनीची ही गत, तर मुखत्यारपत्र देताना "सर्व अधिकार" असं मोघम लिहू नका, कुठलं काम, किती रकमेपर्यंत, कुठल्या तारखेपर्यंत ते लिहा.

टॅक्स नोंदणीनंतर बघू, असं म्हणणारे हमखास अडकतात. तुमचा माणूस तिथं बसून नेहमी करार पक्के करत असेल तर कंपनी नोंदवलेली नसतानाही तुमचा तिथं कायमचा व्यवसाय आहे असं धरून टॅक्स लागू शकतो. बांधकामाची साइट किती दिवस चालली की असा व्यवसाय धरायचा, याला ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या नमुना कर-करारात १२ महिन्यांची मर्यादा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या नमुन्यात ६, तुमच्या दोन देशांमधल्या कर-करारात काय आहे ते वाचा. नुसते फॉर्म भरायलाही माणूस लागतो बरं का, जागतिक बँकेच्या २०२० च्या डुइंग बिझनेस अहवालात ब्राझीलमध्ये मध्यम कंपनीला टॅक्सच्या कामाला वर्षाला सुमारे १,५०० तास लागतात असं दिलं होतं. पुढे आकड्यांमधल्या गडबडीमुळे २०२१ मध्ये तो अहवालच बंद झाला, त्यामुळे त्याच्या जुन्या क्रमवारीवर विसंबून देश निवडू नका.

माल आणणार असाल तर एचएस कोड, म्हणजे कस्टममध्ये मालाचा प्रकार ठरवणारा नंबर. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपले, आणि घोळ तिथंच. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २०१७ पासून लागू आहे, त्यात माल यायच्या आधीच कस्टमकडून कोडबद्दल लेखी निर्णय मागायची सोय आहे. कंटेनर बंदरात उभा असताना वाद घालण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

चिरीमिरीचा विषय निघतोच. "एजंट बघून घेईल" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा, एजंटनं तुमच्या वतीनं दिलेलं तुमच्याच अंगावर येतं. अमेरिकेचा १९७७ चा कायदा परदेशात दिलेल्या लाचेलाही लागू आहे, ब्रिटनचा २०१० चा तर काम लवकर करून घ्यायला दिलेली छोटी रक्कमही सोडत नाही. एजंटला परवाना मिळाला तरच मोठी रक्कम असं ठरवू नका, कामाप्रमाणे बिल मागा. जलद सेवेची अधिकृत फी असेल तर ती जरूर भरा, पावती घेऊन.

हेड ऑफिसला एकच तारीख कधी सांगू नका, लवकरात लवकर कधी आणि उशिरात उशिरा कधी अशा दोन सांगा आणि उशिराची धरून माणसं घ्या. परवाना आला की फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी त्यावरची मुदत कॅलेंडरला लावा, नूतनीकरणाचा अर्ज किती आधी द्यायचा तेही, आणि तेव्हा ज्याची सही लागणार आहे तो माणूस अजून कंपनीत आहे ना, ते बघा.