चर्चमधून राजकारणात उतरायचंय? मग बावखलापासून सुरुवात करा

वसईत आमच्या धर्मग्रामातली, म्हणजे पॅरिशमधली पोरं दर निवडणुकीला एकच विचारतात, फादर कुणाला मत द्यायला सांगतायत? हा प्रश्न आधी डोक्यातून काढा. चर्चच्या कायद्यात धर्मगुरूंना सत्तेचं पद घ्यायला मनाई आहे, राजकारण हे आपलं म्हणजे प्रापंचिकांचं, धर्मगुरू नसलेल्या साध्या ख्रिस्ती माणसांचं काम आहे, ते फादरांवर ढकलू नका.

श्रद्धेतून उमेदवाराचं नाव मिळत नाही, कुणाच्या बाजूने उभं राहायचं ते मिळतं. बायबलमधला मत्तयचा २५ वा अध्याय काढा, भुकेला, तहानलेला, परका, आणि मग आपल्या गावात तहानलेलं कोण ते शोधा. वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी, म्हणजे इथली हिरवळ आणि पाणी वाचवायला रस्त्यावर उतरले ते काय फक्त कॅथलिकांसाठी नव्हतं, विहिरीचं पाणी सगळ्यांचं म्हणून सगळ्या धर्माची माणसं सोबत आली.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आमच्या आळीमागे बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं, लहानपणी पावसाळ्यात काठोकाठ भरायचं आणि उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरींना पाणी असायचं, एका वर्षी काठावर डेब्रिजचे ढीग दिसायला लागले. अशा वेळी नुसती व्हॉट्सअॅपवर बोंब मारून काही होत नाही. पहिल्यांदा सातबारा काढा, जागा सरकारी की खाजगी ते कळतं. तारखेसकट फोटो काढा. मग तहसीलदारांना लेखी तक्रार, आणि भरावाला परवानगी कुणी दिली म्हणून माहिती अधिकारात अर्ज, १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, हे मी फार कळकळीने सांगतेय! ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेत उठून बोला, सोबत शेजारच्या आळीतल्या हिंदू, मुस्लिम पोरांना घ्या, ती नसतील तर तो विषय "चर्चवाल्यांचा" होऊन बसतो.

१८ पूर्ण झाली असतील तर मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म ६ भरा, हे सांगायला लागू नये पण लागतं.

निवडणुकीत धर्माच्या नावावर मतं मागणं कायद्याने गुन्ह्यासारखंच आहे, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तो भ्रष्ट मार्ग धरलाय आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. म्हणून मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर चर्चच्या आवारात पत्रकं वाटू नका, उमेदवाराला चर्चच्या युथ ग्रुपच्या कार्यक्रमात स्टेजवर बसवू नका. बोलवायचंच तर सगळ्यांना बोलवा आणि पाण्यावर, कचऱ्यावर, भाड्याने राहणाऱ्या मजुरांवर प्रश्न विचारा.

पक्षात जायला हरकत नाही, २१ व्या वर्षी तुम्ही पालिकेला उभं राहू शकता. फक्त जाताना स्वतःशी ठरवा की कुठल्या गोष्टीला मी हात वर करणार नाही, आणि ते वहीत लिहून ठेवा कारण पद मिळाल्यावर विसरायला होतं. उद्या तुमचाच पक्ष बावखल बुजवायला निघाला तर आधी आत बोला, लेखी द्या, नाहीच ऐकलं तर पद सोडा, पण ती अर्जांची फाईल जवळ ठेवा, पुढचा अर्ज त्यातूनच करायचाय.